कालवांचा घातवार

१

त्या सकाळी थळच्या घरात तीस हजार जीव मेले, आणि कोणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

आकडा माझा नव्हे. महादेवदादाने काचेच्या बशीतला एक थेंब मोजून, गुणाकार करून काढलेला. सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलताच तो म्हणाला, "तीस हजार, पद्मा. आणि एकही दुभंगलेलं नाही. लिही."

मी वहीत तारीख घातली, वीस एप्रिल, आणि पुढे लिहिलं, 'सर्व मृत'. दीड महिन्यात हे दोन शब्द मी सहाव्यांदा लिहीत होते.

मेली ती कालवांची, खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांची अंडी. हसलात ना? तेव्हाही सगळे हसायचे. १९३३ सालची गोष्ट. दादा माझा आतेभाऊ. मुंबईला शिकला, मग चार वर्षं जर्मनीत राहून डॉक्टर होऊन आला. गावातले लोक खोकला आणि खरूज घेऊन दारात यायचे. दादा म्हणायचा, "मी तसला डॉक्टर नाही हो." लोक विचारायचे, "मग कसले?" यावर तो जे सांगायचा ते ऐकून माणसं खोकला विसरून परत जायची.

त्याला जाणून घ्यायचं होतं की पेशी श्वास कसा घेते. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा तिला प्राणवायू जास्त लागतो की कमी, किती, आणि का. माणसाच्या पोटात डोकावून हे बघता येत नाही. पण कालवाचं अंडं म्हणजे एकच पेशी, आणि थळसमोरच्या खडकांवर कालवं हवी तेवढी. कालव फोडायचं, अंडी समुद्राच्या स्वच्छ पाण्यात सोडायची, त्यात नराचं बीज मिसळायचं, आणि तासाभरात एकाचे दोन, दोनाचे चार होताना बघायचं. म्हणून त्याने मुंबई सोडून अलिबागजवळच्या थळला, माडांच्या वाडीतल्या घराची पूर्वेकडची खोली प्रयोगाला घेतली होती. मुंबईच्या एका संस्थेने एक वर्षाची मदत दिलेली. ती आता संपत आली होती.

मी एकोणीस वर्षांची. अक्षर बरं म्हणून अलिबागहून वही लिहायला आले होते. त्या दिवसांइतकी सुखी मी पुढे क्वचित झाले. समोर माडाच्या झावळ्या, खोलीत स्पिरिटचा वास, आणि स्वयंपाकघरात सोनाकाकू. काकू म्हणजे दादाची सख्खी काकू. दादाची आई गेल्यावर त्याला लहानाचा मोठा तिनेच केला. पोरगं नीट जेवत नाही असं कळल्यावर माघात ती बोचकं उचलून थळला आली आणि सगळं घर हातात घेतलं.

त्या सकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती विहिरीपाशी तांब्याची घागर चिंचेने घासत होती. "आठ दिवस झाले नाहीत घासून," ती घागरीवरच चिडली होती, "तर पुन्हा हिरवी. समुद्राची हवाच मेली खारट." मग तिने मला वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वाढली. दादा जेवायला आलाच नाही.

त्याच्या हातात मुंबईचं पत्र होतं. मोठे प्राध्यापक पाच मेला येणार होते. त्यांच्या डोळ्यांदेखत अंडी दुभंगली तर आणखी तीन वर्षं काम चालू. नाही दुभंगली तर खोली बंद, आणि दादाला औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायची नोकरी.

"पाण्यात दोष नाही, काचेत दोष नाही, कालवांत नाही," दादा म्हणाला. "सगळं तपासून झालं. कोणीतरी हे मुद्दाम करतंय."

एवढ्यात मागल्या दारी बायजा आली. बायजा थळच्या कोळीवाड्यातली. कालवं आणि प्रयोगाचं समुद्राचं पाणी तीच आणायची, पाणी मातीच्या मडक्यातून. दादा तडक तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बायजा, खरं सांग. पाणी कुठलं आणतेस? खाडीचं? की विहिरीचं पाणी आणून त्यात मीठ घालतेस?"

बायजाने टोपली खाली ठेवली. तिचा चेहरा लालेलाल झाला.

"डाक्टर, तुमी मना चोर बोलताव? कमरंएवढ्या पान्यात शिरून मडका भरतंय मी. उद्यापासून तुमचा दर्या तुमीच आना, आन् कालवां पन तुमीच फोडा!"

आणि ती चालती झाली. प्राध्यापक यायला पंधरा दिवस, आणि कालवं आणणारी बाई गेली.

२

दुसऱ्या दिवशी मी अलिबागला निरोप धाडून माझ्या वडिलांना बोलावून घेतलं.

तात्या कोर्टात शिरस्तेदार होते. नुकतेच निवृत्त झालेले, आणि घरी बसून आईला सळो की पळो करून सोडलेलं. टांग्यातून उतरले तेच तपकिरीची डबी हातात घेऊन. "कुठं आहे प्रेत?" त्यांनी विचारलं. मी बशी दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, मला पाहिलं, दादाला पाहिलं. "महादेवा, यात मला पांढुरकं पाणी दिसतंय."

"तेच, तात्यामामा. त्यातच आहेत."

"बरं. असतील. मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. मला माणसं कळतात. तीस वर्षं साक्षी ऐकल्यात मी. पद्मे, कागद घे. जो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये तुझं शहाणपण नको."

पहिली साक्ष दादाचीच. या खोलीत कोण येतं? दादा म्हणाला, मी, सदाशिव आणि पद्मा. पाणी कोण भरतं? "सदाशिव. मागल्या दारचं मडकं तोच आत आणतो आणि खोलीतल्या मोठ्या काचेच्या बरणीत ओततो. मी बरणीला हात लावत नाही. माझी माप घ्यायच्या नळ्यांची कामं मला पुरतात."

"कोणाचं तुझ्याशी वाकडं?"

दादा हळूच म्हणाला, "सदाशिवला मुंबईला नोकरी मिळतेय. आणि मागल्या निबंधावर मी त्याचं नाव घातलं नाही. तो बोलला नाही, पण त्याला लागलं असणार."

माझी लेखणी थांबली. सदाशिव म्हणजे दादाचा मदतनीस, रेवदंड्याचा, शिडशिडीत, चष्मेवाला. त्याच्यावर कोणी संशय घेतलेला मला का खपत नव्हता हे तात्यांनी तेव्हाच ओळखलं असणार, पण लेखणी चालू ठेव म्हणून नुसती खूण केली.

सदाशिव आला तोच घाम पुसत.

"तुझं नाव छापलं नाही म्हणून राग आला?" तात्यांनी सरळ विचारलं.

"आला," तो म्हणाला. "दोन दिवस जेवलो नाही. पण राग आला म्हणून कोणी अंडी मारतं का? वर्षभर मीच ती वाढवलीत."

"मुंबईची नोकरी?"

"नाही म्हणून कळवलंय. पाच तारखेला डॉक्टरांना एकटं कसं सोडू?"

"बरणी तू भरतोस?"

"रोज मीच भरतो. कामचुकार नाही मी. आता एखाद्या सकाळी डॉक्टर माझ्या आधी उठून भरून ठेवतात, तेवढंच काय ते."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. वर दादाचंही लिहिलेलं होतं. दोन्ही कागद माझ्याच हातात, आणि माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. तात्यांनी मात्र दोन्ही कागद मागून घेतले, शेजारी शेजारी ठेवले, आणि चिमूटभर तपकीर ओढून भलीमोठी शिंक दिली.

"काकूंना विचारायचं का?" मी म्हटलं.

दादा हसला. त्या आठवड्यातलं ते त्याचं एकुलतं एक हसणं. "काकूला? तिने या खोलीत कधी पाऊल घातलेलं पाहिलंस का तू? सोवळ्यातली बाई ती."

तात्या हसले नाहीत. "आता कोळीवाड्यात जाऊ," ते म्हणाले.

३

कोळीवाड्यात बायजा अंगणात जाळ्याची भोकं सांधत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. तात्याही अवघडले नाहीत. उलट्या होडीवर पंचा टाकून बसले आणि म्हणाले, "बाये, मी डॉक्टरचा मामा. भांडायला आलो नाही. शिकायला आलोय. मला दर्यातलं काही कळत नाही."

एवढं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? बायजाने जाळं बाजूला सारलं.

तात्यांनी सहा तारखा सांगितल्या. सात, पंधरा आणि बावीस मार्च; सहा, तेरा आणि वीस एप्रिल. "वार एक नाही. अंतर कधी सात दिवस, कधी आठ, एकदा पंधरा. महादेव म्हणतो कदाचित भरती-ओहोटीचा दोष असेल."

"त्या विंग्रजी तारखा मना नको सांगू. तिथी सांग."

तात्यांनी कोटाच्या खिशातून पंचांग काढलं. ते त्यांच्याकडे सदा असायचं, कोर्टात असतानाही. बोट फिरवत एकेक तारखेची तिथी त्यांनी वाचली. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कागदाकडे नाही, तेच चुकलं.

बायजा खो खो हसली. "डाक्टर येडा हाय. एकादशीला भांग असतंय, पानी मेल्यावानी हलत न्हाय. चतुर्थीला उधानाचा जोर असतंय. दोन्ही दिशी कालव कसा मरंल? दर्याला नाव नको ठेवू."

"नाही ठेवत," तात्या म्हणाले. "आणखी एक. तुझं मडकं तुला परत कसं मिळतं?"

"मडका? पूर्वंच्या खोलीबाहेर पडलेला असतंय. खाली गाळ. चष्मेवाला कदी धूत न्हाय. पन कवा कवा मागच्या पायरीवर साफ धुऊन, पालथा घालून ठेवलेला मिलतंय. रोज तसा ठेवला तं बरा होईल, माजी मेहनत वाचंल."

"कधी कधी म्हणजे केव्हा?"

"ता मी काय लिवून ठेवलाय?"

तात्या उठले. बायजाही उठली. आणि तेव्हा तिचा आवाज बदलला. "तात्या, वरीसभर मी कालवां फोडतंय त्या डाक्टरसाठी. हाताला बघ." तिच्या तळव्यांवर कालवांच्या धारेने पडलेले वण होते, आडवेतिडवे. "मना पैशाचा दुख न्हाय. चोर बोलला, त्याचा हाय."

मला तिच्याकडे बघवेना. परतीच्या वाटेवर तात्या पंचांगच चाळत होते. वाडीच्या फाटकाशी मात्र थांबले आणि मला म्हणाले, "खुनी सापडला, पद्मे. सापडला नसता तर बरं झालं असतं."

४

मी हट्टाला पेटले. सांगा, सांगा म्हणून त्यांच्या मागे लागले. तात्या पडवीत बसले, पायावर पाय घेऊन, अगदी कोर्टात बसल्यासारखे.

"सहा दिवस. चार एकादश्या, दोन संकष्ट्या. चुकून एकही दिवस दुसरा नाही. चंद्राने मारलं म्हणावं तर बायजाने ते खोडून काढलं, एका दिवशी पाणी निजलेलं, दुसऱ्या दिवशी जोरात. म्हणजे हा चंद्राचा खेळ नव्हे, पंचांगाचा आहे. तिथी बघून काहीतरी करणारं माणूस यात आहे."

"बायजाही तिथी बघते."

"बघते, ओहोटीसाठी. तिला दोन्ही दिवस सारखे नाहीत. सारखे कोणाला? जो दोन्ही दिवस उपास करतो त्याला. बरं, बरणी. महादेव म्हणतो सदाशिव भरतो. सदाशिव म्हणतो कधी कधी डॉक्टर भरतात. दोघंही खरं बोलतायत. मग त्या सकाळी बरणी भरली कोणी? भरलेली बरणी कोणाला खटकत नाही. रिकामी असती तर दोघांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मडकं धुऊन पालथं घालायची खोड पुरुषांना नसते."

मी लिहायचं थांबवलं होतं.

"शेवटचं. हे सगळं सुरू कधी झालं? फाल्गुनात. त्याआधी वर्षभर एक अंडं मेलं नाही. मग माघात या घरात नवीन काय आलं?"

"तात्या, नाही," मी म्हटलं. "काकू असं करणार नाही. तिचा जीव आहे दादावर."

"म्हणून तर म्हटलं, सापडली नसती तर बरं." तात्यांनी पुन्हा पंचांग उघडलं. "एवढंच कळत नाही, की ती करते काय. पाणी हे पाणीच. ती काही विष कालवत नाही. आणि महादेवचा साहेब कधी येतोय म्हणालीस?"

"पाच मे."

त्यांचं बोट पानावरून खाली सरकलं आणि थांबलं.

"वैशाख शुद्ध एकादशी," ते म्हणाले.

५

काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नारळ खवत होती. तात्या खालच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी उलटतपासणी केली नाही, आवाज चढवला नाही. गप्पा मारायला आल्यासारखं विचारलं, "वहिनी, एकादशीला ते मडकं घरात कसं चालतं तुम्हाला?"

"कुठलं? बायजाचं?" काकूने खवणीवरून मान वर केली नाही. "चालतं कसलं? म्हावऱ्याच्या टोपलीशेजारचं मडकं ते, त्याला जायला वाट स्वयंपाकघरातूनच. रोज मी डोळेझाक करते. उपासाच्या दिवशी नाही हो जमत. मग आदल्या संध्याकाळी मी मागच्या पायरीवरच लांब दांड्याच्या डवल्याने पाणी काढून वरून धार धरून घागरीत ओतते. मडक्याला हात लागत नाही."

"घागर कुठली?"

"तांब्याची. तांब्यात पाणी शुद्ध होतं. मग पहाटे आंघोळीआधी जाते आणि त्याच्या त्या बरणीत ओतून येते. मडकं बिचारीचं धुऊन ठेवते, लांबून पाणी टाकून, काठीने पालथं घालून." तिचा चेहरा खुलला. "म्हटलं, महादेवच्या कामाला निदान त्या दिवशी तरी चांगलं पाणी मिळावं."

"हे त्याला कधी बोलला नाहीत?"

"त्यात बोलायचं काय? इकडचं पाणी तिकडे ओतलं. आणि मला कोणी विचारलं का कधी?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. तात्या उठून पूर्वेच्या खोलीत गेले, मी मागोमाग. दादा खिडकीशी बसला होता.

"महादेवा, अडाणी प्रश्न विचारतो. तुझी ती अंडी तांब्यात ठेवलेलं पाणी चालवून घेतात का?"

दादा ताडकन उठला. "तांबं? खाऱ्या पाण्यात? मामा, खारं पाणी तांबं खातं, आणि त्याचा कण जरी पाण्यात उतरला तरी कालवाचं अंडं जगत नाही. बघा ना, घागर हिरवी..." तो मध्येच थांबला. विहिरीपाशी चिंच आणि घागर घेऊन बसलेली काकू त्याला कितीदा तरी दिसायची. मलाही दिसायची. "कोणी ठेवलं तांब्यात?"

तात्यांनी सांगितलं.

दादाचा विश्वास बसेना. पोत्याखाली ओल्या गारव्यात बायजाची शेवटची सहा कालवं उरली होती. बाटलीत मडक्याचं जुनं पाणी होतं. त्याने त्यातलं अर्धं घागरीत घालून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन बशा मांडल्या. तासाभराने एका बशीत सगळी अंडी दुभंगली. दुसऱ्या बशीत दादाने एकदा पाहिलं आणि मला बघू दिलं नाही.

खुनी सापडला, हत्यार सापडलं. पण कालवं संपली होती, आणि दादाने जिला चोर म्हटलं ती बायजा कोळीवाड्यात होती.

दादा अनवाणीच निघाला. जर्मनीला जाऊन आलेला माणूस, पण कोळीवाड्याच्या तोंडाशी येऊन दोनदा मागे वळला. सगळ्या बायका बघत होत्या. त्याने बायजापुढे हात जोडले आणि म्हणाला, "बायजा, चूक माझी. माझ्याच घरात होतं ते, आणि मी तुला बोललो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो."

बायजाने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "कालवां देईन. पन मडका मागच्या पायरीवर न्हाय ठेवायची. सोता आत आनून वतीन. एकादशी असू दे नायतर काय बी असू दे."

दादा घरी आला आणि हे काकूला सांगायला त्याला तोंड उघडवेना. शेवटी तात्यांनी सांगितलं, सगळंच, घागरीसकट.

काकूच्या हातातलं काम तिथेच राहिलं. ती उठली, देवघरात जाऊन बसली आणि तिने दार लोटून घेतलं.

६

पाच तारखेला सकाळी बायजा स्वयंपाकघरातून चालत आली, कमरेवर मडकं, पायांची ओली पावलं शेणाने सारवलेल्या जमिनीवर उमटवत. चुलीपाशी काकू पाठमोरी उभी होती. वळली नाही. पण वाटेतला पाट तिने आधीच उचलून बाजूला ठेवला होता, हे मी पाहिलं.

प्राध्यापक दहाला आले. थोराड, घामाघूम, कमी बोलणारे. सदाशिवने कालवं उघडली, दादाने बशी लावली, आरशाने ऊन आत घेतलं. मग तासभर वाट पाहायची होती. सदाशिव नखं खात होता. मीही खात होते. प्राध्यापकांनी डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि डोकं न उचलता हात पुढे केला. दादाने तो दोन्ही हातांनी धरला.

तीन वर्षं मिळाली. त्या तीन वर्षांनी पुढची तीस वर्षं दिली. दादा नंतर मोठ्या शहरात, मोठ्या प्रयोगशाळेत गेला. यकृताच्या पेशी, रक्ताच्या पेशी, कसल्या कसल्या पेशींचे श्वास त्याने मोजले. पुढल्या प्रत्येक निबंधावर सदाशिवचं नाव होतं. सदाशिवच्या लग्नपत्रिकेवर माझं होतं. आता तात्या नाहीत, दादा नाही, सदाशिवही नाही. थळच्या त्या खोलीचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि बघायला जायचा धीर होत नाही.

पण त्या दुपारचं राहिलं. प्राध्यापकांचा टांगा गेला आणि आम्ही सगळे दमून खोलीत बसलो होतो. बायजा रिकामं मडकं घ्यायला दारात आलेली. तेवढ्यात काकू आली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, आणि आत आली. त्या खोलीत दिवसाउजेडी पहिल्यांदाच.

"महादेव, मला दाखव," ती म्हणाली. "मी काय मारत होते ते."

"काकू, तू मुद्दाम थोडंच..."

"दाखव म्हणते ना."

त्याने तिला स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायला शिकवलं. काकूला बराच वेळ काही दिसेना. मग ती एकदम निश्चल झाली.

"हलतंय रे," ती कुजबुजली. "एकाचे दोन झाले. अग बाई, पुन्हा... महादेव, हे जिवंत आहे."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती तशीच बघत राहिली. काकूची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, हे मला आईकडून माहीत होतं. तिने स्वतः कधी उच्चार केला नव्हता. शेवटी पदराने डोळे पुसत तिने दाराकडे पाहिलं.

"बायजा, तू पाहिलंस का ग हे?"

"मी? न्हाय बाय. मना कोन दाखवतंय?"

दादा शरमला. वर्षभर ती बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्याला कालवं देत होती, आणि एकदाही त्याने तिला बोलावलं नव्हतं. माझ्याही मनात आलं नव्हतं. बायजा दबकत आत आली. काकू उठली नाही. थोडी सरकली फक्त. बायजा तिच्या खांद्याशी वाकली आणि काकूचा डोळा होता तिथे तिने डोळा लावला.

"आगो बाय," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "डाक्टर, पोटातला पोर पन असाच असतंय?"

"असाच," दादा म्हणाला. "पहिल्या दिवशी एवढाच, एक पेशी. मग दोन, मग चार."

"कुनाचा बी?"

"कोणाचाही. तुझा, माझा, त्या साहेबाचा. पहिल्या दिवशी ओळखू येत नाही कोण कोणाचं."

काकू ऐकत होती. तिने दादाकडे पाहिलं, मग बायजाच्या वण पडलेल्या हातांकडे.

"मग इतकी वर्षं मी कशापासून लांब राहिले रे?" ती म्हणाली.

तात्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली. काकू स्टुलावरून उतरायला लागली, तिचे गुडघे दुखायचे. बायजाने हात पुढे केला, आणि लगेच आठवण होऊन मागे घेतला. काकूने तो हात धरला आणि उठली.